रात्री ७१ टक्के, सकाळी शून्य! बॉइंकचं अर्धवट काम जातं कुठे?

रात्रपाळी · सोमवार, ९:१२
मंडळी, मदत हवी आहे आणि थोडं रडायचंही आहे.

एक जुना डेस्कटॉप नुसताच पडून होता. दोन महिन्यांपूर्वी त्यावर बॉइंक (घरच्या मशीनवर विज्ञान प्रकल्पांची आकडेमोड करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि दोन प्रकल्प जोडले. (नावं देत नाही, उगाच कुणाची बदनामी नको.) मशीन सकाळी चालू, रात्री झोपताना बंद. दिवसभरात जी काही आकडेमोड होईल ती विज्ञानाच्या पदरात, असा साधा हिशोब.

काल रात्री पहिल्या प्रकल्पाचं एक टास्क नऊ तास चालून ७१ टक्क्यांवर आलं होतं. स्टार्ट मेनूतून रीतसर शटडाउन केलं. वीज गेली नाही, बटण दाबून धरलं नाही, काही नाही. आज सकाळी बघतो तर ०.०० टक्के! दुसऱ्या प्रकल्पाचं टास्क ५५ वरून ३८ वर आलं. म्हणजे एक पूर्ण पुसलं गेलं आणि एक अर्धवट. परवाही हेच झालं होतं, तेव्हा वाटलं आपलाच काहीतरी गैरसमज.

बंद करताना हे सॉफ्टवेअर काम जपून ठेवत नाही का? की मीच काहीतरी दाबायला विसरतोय? असंच चालणार असेल तर वीज जाळून मी नक्की कुणाचं भलं करतोय?

तिरकस · सोमवार, ९:२०
वीज कंपनीचं. हलके घ्या.

दुर्बीणवाला · सोमवार, ९:३१
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

जुनाखोड · सोमवार, ९:४४
सोपं आहे. शटडाउनच्या आधी बॉइंकचा मॅनेजर उघडायचा, टास्क निवडून सस्पेंड करायचं, म्हणजे तात्पुरतं थांबवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग मशीन बंद. सस्पेंड केलं की काम डिस्कवर लिहिलं जातं. मी दहा वर्षं हेच करतोय, कधी तक्रार नाही.

कळफलक · सोमवार, १०:०५
जुनाखोड, क्षमस्व, पण असहमत. सस्पेंड केल्याने काहीही लिहिलं जात नाही.

सस्पेंड केल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते. 'सस्पेंड असताना टास्क मेमरीत ठेवा' या पर्यायावर खूण असेल तर टास्क रॅममध्ये जिथल्या तिथे गोठून बसतं. मशीन बंद झालं की रॅम गेली, टास्कही गेलं. खूण नसेल तर प्रोग्रॅमला सहसा मेमरीतून बाहेर काढतात आणि तो पुन्हा सुरू होतो तो शेवटच्या चेकपॉइंटपासून. चेकपॉइंट दोन तासांपूर्वीचा असेल तर दोन तास गेले. तुम्ही दोन मिनिटं थांबा नाहीतर वीस.

जुनाखोड · सोमवार, १०:१८
मग माझं काम दहा वर्षं वाया कसं गेलं नाही?

कळफलक · सोमवार, १०:२६
तुमचा प्रकल्प दर एक-दोन मिनिटांनी चेकपॉइंट घेणारा असेल म्हणून. सस्पेंड न करता बंद केलं असतं तरी मिनिटभराचंच नुकसान झालं असतं. विश्वास ठेवू नका, करून बघा. टास्क निवडा, डावीकडचं प्रॉपर्टीज दाबा. त्यात 'शेवटच्या चेकपॉइंटनंतरचा सीपीयू वेळ' अशी एक ओळ आहे. सस्पेंड करायच्या आधी ती बघा आणि नंतर बघा.

सांजसावली · सोमवार, ११:०२
हा चेकपॉइंट नेमका काय असतो? मी फोनवर बॉइंक चालवते, चार्जिंगला लावला की आपोआप सुरू होतं, याच्या पलीकडे मला काही कळत नाही.

दुर्बीणवाला · सोमवार, रात्री ९:५०
रुमाल उचलतो.

सांजसावली ताई, समजा तुम्ही हजार पानांची वही बेरीज करत करत उलटताय आणि आतापर्यंतची बेरीज फक्त डोक्यात आहे. मधेच कुणी हाक मारली तर सगळं पहिल्यापासून. म्हणून दर पन्नास पानांनी तुम्ही एका चिठ्ठीवर लिहिता: 'पान ३५० पर्यंत, बेरीज अमुक'. ही चिठ्ठी म्हणजे चेकपॉइंट.

आता मुद्द्याची गोष्ट. ही चिठ्ठी बॉइंक लिहीत नाही. बॉइंक हा फक्त मुकादम: सर्व्हरवरून काम आणायचं, प्रोग्रॅम चालू-बंद करायचा, निकाल परत पाठवायचा. आत चाललेली आकडेमोड त्याला कळत नाही. चिठ्ठी लिहायची ती त्या त्या प्रकल्पाच्या प्रोग्रॅमनेच. तो अधूनमधून मुकादमाला विचारतो, 'आता लिहू का?' मुकादम घड्याळ बघून हो किंवा नाही म्हणतो. हो म्हटलं की प्रोग्रॅम आपली स्थिती फाइलमध्ये उतरवतो आणि 'झालं' म्हणून कळवतो.

बरं, प्रोग्रॅमला कुठल्याही क्षणी लिहिता येतं असंही नाही. एखाद्या मोठ्या गणिताच्या मध्यात हजारो आकडे अर्धे जुने आणि अर्धे नवे असतात. तेव्हाची चिठ्ठी म्हणजे भलतीच बेरीज. एक फेरी पूर्ण झाली की मगच लिहिता येतं. काहींची फेरी सेकंदाची, काहींची तासाची. आणि काही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी चेकपॉइंटची सोयच केलेली नसते! मुकादमाला विचारतच नाहीत. रात्रपाळींचा पहिला प्रकल्प मला त्यातला वाटतोय.

शटडाउनच्या वेळी विंडोज सगळ्यांना 'आटपा' म्हणते आणि जेमतेम काही सेकंद देते. तेवढ्यात बॉइंक टास्कना बाहेर पडायला सांगतो. ते मुकाट बाहेर पडतात. 'थांबा, तेवढी चिठ्ठी लिहितो' असं बहुतेक प्रोग्रॅम म्हणत नाहीत.

रात्रपाळी · सोमवार, रात्री १०:१५
दंडवत! आता निदान कळलं तरी. पण मग ७१ टक्के कुठून आले? काहीच लिहून ठेवलेलं नाही तर आकडा कसा दिसतो?

अर्धवट · सोमवार, रात्री १०:२२
डोक्यातली बेरीज. ७१ टक्के डोक्यात होती.

कळफलक · सोमवार, रात्री १०:४०
अर्धवटराव बरोबर बोलले, पण गंमत त्याहून मोठी आहे. काही प्रोग्रॅम किती काम झालं तेही कळवत नाहीत. अशा वेळी बॉइंक गेलेला वेळ आणि अंदाजे लागणारा वेळ बघून स्वतःच एक आकडा रंगवतो. तो सुरुवातीला झरझर वाढतो आणि पुढे पुढे मंदावत जातो, ९९ च्या पुढे तर मुंगीच्या पावलाने. असा आकडा दिसला की समजावं, खऱ्या प्रगतीशी त्याचा संबंध नाही. तुमचे ७१ कदाचित ४० असतील, कदाचित ९०.

तिरकस · सोमवार, रात्री १०:४४
आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने हे सॉफ्टवेअर लिहिलं असणार. आमचंही काम सहा महिने ९९ टक्क्यांवर आहे.

वाटसरू३१ · मंगळवार, ७:५५
एक शंका. हल्ली विंडोज पूर्ण बंद होतच नाही ना? फास्ट स्टार्टअप म्हणजे हायबरनेटच. मग टास्क तसंच राहायला हवं.

कळफलक · मंगळवार, ८:३०
अर्धं हायबरनेट. त्यात फक्त विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपले जातात. तुम्ही लॉग इन केल्यावर उघडलेले प्रोग्रॅम बंदच होतात, नेहमीच्या पद्धतीने बॉइंक टाकलं असेल तर तेही. खरं हायबरनेट निवडलंत तर मात्र संपूर्ण रॅम डिस्कवर लिहिली जाते आणि टास्क जिथे होतं तिथून पुढे चालतं. माझ्याकडे सीपीयूची टास्क हायबरनेटमधून सुखरूप परततात. ग्राफिक्स कार्डवरची कधी परततात, कधी रुसून एरर देतात. स्लीपमध्येही काम रॅममध्ये टिकतं, पण मधे वीज गेली की संपलं.

मेनूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावं लागतं.

धूमकेतू · मंगळवार, ९:१०
हा धागा वाचून सेटी ॲट होमचे दिवस आठवले. १७ मे १९९९ ला सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात. स्क्रीनसेव्हरवर ते रंगीबेरंगी आलेख सरकताना बघत बसायचो. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले रेडिओ संदेश, ते बर्कलीहून आपल्या मशीनवर यायचे आणि आपण परग्रहवासी शोधायचे! ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम पाठवणं बंद केलं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

तिरकस · मंगळवार, ९:१६
परग्रहवासी सापडले होते हो. नेमकं तेव्हाच कुणीतरी शटडाउन केलं.

धूमकेतू · मंगळवार, ९:२५
मीच तो. आई ओरडायची, 'तो डबा बंद कर आणि झोप'.

दुर्बीणवाला · मंगळवार, ९:४०
अवांतर होतंय तर होऊ दे, माझ्या नावाची लाज राखतो. परग्रहवासी नाही मिळाले, पण आइन्स्टाइन ॲट होम या बॉइंकच्याच प्रकल्पात २०१० साली स्वयंसेवकांच्या घरच्या मशीनवर एक नवा पल्सार (गरगर फिरत रेडिओ स्पंदनं सोडणारा मृत तारा) सापडला, तोही अरेसिबोच्याच नोंदींतून. जे २००७+२७२२ हे त्याचं नाव. त्यामुळे 'याने काय होतं' म्हणणाऱ्यांना मी तो पत्ता देतो.

जुनाखोड · मंगळवार, दुपारी १:०५
कळफलक, बघितलं. सस्पेंडच्या आधी त्या ओळीत ४८ सेकंद. सस्पेंड केलं, पाच मिनिटं बसलो, तरी ४८ सेकंदच. म्हणजे दहा वर्षं मी रोज रात्री दोन मिनिटं उगाच उभा होतो.

पण एक सांगतो. आधी बॉइंक स्वतः बंद करून मग मशीन बंद करण्यात फायदा आहेच. आमच्या मुलाने एकदा शटडाउनच्या घाईत पॉवरचं बटण दाबून धरलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी टास्क थेट एररमध्ये गेलं होतं.

कळफलक · मंगळवार, दुपारी १:३०
त्याला शंभर टक्के अनुमोदन. चांगला प्रोग्रॅम नवी चिठ्ठी आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवतो. मधे वीज गेली तरी जुनी शाबूत. पण सगळेच इतके काटेकोर नसतात. थेट जुन्याच फाइलवर लिहिणारे असतात, आणि अर्ध्यात वीज गेली की जुनीही गेली, नवीही गेली.

फक्त मॅनेजरच्या खिडकीची फुली दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. ती नुसती खिडकी मिटते, काम मागे चालूच. फाइल मेनूतलं 'एक्झिट बॉइंक' निवडा. चालू टास्क थांबवायची का असं विचारलं तर तिथे खूण ठेवा.

जुनाखोड · मंगळवार, दुपारी १:३६
म्हणजे दोन मिनिटं उभं राहणं अगदीच फुकट नव्हतं.

कळफलक · मंगळवार, दुपारी १:३८
नव्हतं, साहेब. :)

मूळसंख्या · मंगळवार, संध्याकाळी ६:२०
मी बॉइंकवाला नाही, प्राइम९५ वाला. १९९६ पासून चाललेला मर्सेन मूळसंख्यांचा (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्यांचा) शोध. आमच्याकडे एकेक चाचणी साध्या मशीनवर दिवसेंदिवस चालते, त्यामुळे चेकपॉइंट हा जीव की प्राण. मुळातली सेटिंग दर ३० मिनिटांनी डिस्कवर लिहिण्याची, शिवाय मागच्या काही फाइली राखीव. बंद करताना प्रोग्रॅम स्वतःहून लिहून मग बाहेर पडतो. म्हणजे सोय करायची इच्छा असेल तर करता येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळसंख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. एवढ्या आकड्यांवरची चाचणी दर शटडाउनला शून्यापासून सुरू करायची म्हटलं तर नातवंडांवर सोपवून जावं लागेल.

सांजसावली · मंगळवार, रात्री ८:०२
आणि प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारं फोल्डिंग ॲट होम? माझा भाऊ २०२० मध्ये कोविडच्या वेळी ते चालवायचा.

वाटसरू३१ · मंगळवार, रात्री ८:४५
मी चालवतो. जुन्या ७ क्रमांकाच्या आवृत्तीत सीपीयूच्या कामासाठी चेकपॉइंटचं अंतर ३ ते ३० मिनिटांत निवडता यायचं, मुळात १५. ग्राफिक्स कार्डच्या कामाला ती सेटिंग लागू नाही, तिथे प्रकल्प ठरवेल तेव्हा. त्यामुळे मी बंद करायच्या आधी लॉग बघतो, चेकपॉइंट लिहिल्याची ओळ आली रे आली की एक्झिट. बायको म्हणते, लोकल पकडल्यासारखा काय बसतोस.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक: बॉइंकमध्ये 'बॅटरीवर असताना थांबवा' ही सेटिंग मुळातच चालू असते. मेमरीत ठेवण्याची खूण नसेल तर चार्जर काढला की टास्क बाहेर आणि परत लावला की मागच्या चेकपॉइंटपासून. दिवसातून सहा वेळा काढघाल केली तर प्रगती कुठून दिसणार? खूण करा. रॅम थोडी अडकते, पण काम वाचतं.

मूळसंख्या · मंगळवार, रात्री ९:१०
कुणी अजून रात्रपाळींना मूळ प्रश्न विचारलेलाच नाही. पहिल्याचं ठीक, चेकपॉइंटच नाही. पण दुसरा ५५ वरून ३८ वर कसा आला? तो चेकपॉइंट घेतो हे उघड आहे. मग इतका मागचा का? बॉइंकच्या कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये 'जास्तीत जास्त दर इतक्या सेकंदांनी चेकपॉइंट घ्या' अशी चौकट आहे. त्यात काय आकडा आहे?

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ९:३५
अं... ७२००.

अर्धवट · मंगळवार, रात्री ९:३६
सापडला चोर!

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ९:४१
अहो, कुठेतरी वाचलं होतं की सतत लिहिल्याने एसएसडी झिजते, आकडा वाढवा. मुळात ६० होता, मी ७२०० केला आणि विसरून गेलो. मला वाटलं होतं बंद करताना तर लिहीलच.

मूळसंख्या · मंगळवार, रात्री १०:०५
हाच तो मुकादम. प्रोग्रॅम दर मिनिटाला विचारतोय, 'लिहू का?' आणि तुमचा मुकादम दोन तास नकार देतोय. नऊ-दहा तासांच्या टास्कमध्ये दोन तास म्हणजे २० टक्के. तुमचे १७ टक्के गेले, हिशोब जुळला.

उलट गैरसमजही होतो तेवढा टाळा. ६० लिहिलं म्हणजे दर ६० सेकंदांना लिहिणारच असं नाही. त्याहून लवकर नको, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्रॅमला जमेल तेव्हाच.

आता एसएसडीचं. समजा चेकपॉइंट ५ एमबीचा, दर मिनिटाला एक, अखंड चोवीस तास: दिवसाला १४४० वेळा, ७.२ जीबी. चार टास्क एकदम चालली तर २९ जीबी. ५०० जीबीच्या सर्वसाधारण एसएसडीवर ३०० टीबी लेखनाची हमी असते. भागाकार करा, दहा हजारांवर दिवस येतात. २८ वर्षं! तोवर तुमचा जुना डेस्कटॉप संग्रहालयात असेल.

धूमकेतू · मंगळवार, रात्री १०:२०
हिशोब बरोबर, पण सरसकट नको. व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणाऱ्या टास्कची स्थिती म्हणजे आख्ख्या आभासी मशीनची रॅम, एकेक दोन-दोन जीबी. तिथे मी अंतर वाढवूनच ठेवलंय. आणि अशी टास्क चालू असताना तडकाफडकी शटडाउन तर करूच नये. तेवढी रॅम लिहायला वेळ लागतो, विंडोज तोवर थांबत नाही.

मूळसंख्या · मंगळवार, रात्री १०:२४
मान्य. मी साध्या टास्कबद्दल बोलत होतो. तुमच्यासाठी ६०० वगैरे.

तिरकस · मंगळवार, रात्री १०:३०
म्हणजे एसएसडीचं आयुष्य वाचवायला धागाकर्त्यांनी सीपीयूचं आयुष्य घालवलं.

दुर्बीणवाला · बुधवार, ८:१५
पहिल्या प्रकल्पासाठी: त्यांच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये कुठले उपप्रकल्प चालवायचे हे बहुधा निवडता येईल. एकाच प्रकल्पात एक प्रोग्रॅम चेकपॉइंट घेणारा आणि दुसरा न घेणारा असं सर्रास असतं. आणि संध्याकाळी 'नो न्यू टास्क्स' दाबलंत तर नवीन काम येणार नाही, चालू असलेलं संपू द्या.

अजून एक, खात्री करून घ्यायला. इव्हेंट लॉगच्या पर्यायांत 'चेकपॉइंट_डीबग' नावाची खूण आहे. ती केली की प्रत्येक चेकपॉइंटची ओळ लॉगमध्ये पडते. दिवसभर एकही ओळ दिसली नाही तर निकाल लागला.

जाता जाता: बॉइंक स्वतःहून टास्क बदलतो तेव्हा चेकपॉइंट होण्याची वाट बघतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा बघत नाही. तुमचा शब्द प्रमाण.

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री १०:५०
प्रयोगाचा अहवाल देतो.

चौकटीत ६० केले, खूण केली, लॉग उघडा ठेवला. दुसऱ्या प्रकल्पाच्या ओळी दर मिनिट-दीड मिनिटाला टपटप पडतायत. परवा रात्री ६२.४ वर बंद केलं, काल सकाळी ६२.३ वर चालू! बायकोला दाखवलं. तिने विचारलं, 'याचे पैसे मिळतात का?'

पहिल्या प्रकल्पाच्या बारा तासांत शून्य ओळी. प्रॉपर्टीजमध्ये चेकपॉइंटच्या जागी नुसत्या रेघा. दुर्बीणवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे खात्यात जाऊन पाहिलं, तीन उपप्रकल्प होते. त्यातला हा काढून टाकला. हातातलं शेवटचं टास्क मात्र सोडवेना, म्हणून काल शटडाउनऐवजी हायबरनेट केलं. आज दुपारी पूर्ण झालं आणि गेलं. ज्याच्या निकालाशी माझा निकाल ताडून बघायचा होता त्याचं उत्तर आधीच आलेलं होतं, त्यामुळे केलेल्या कामाचे गुणही खात्यात लगेच जमा झाले.

सांजसावली · शुक्रवार, रात्री ११:०४
अभिनंदन! किती गुण?

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री ११:०६
८४.

तिरकस · शुक्रवार, रात्री ११:०७
पार्टी कधी?

जुनाखोड · शनिवार, ६:४०
हायबरनेट करायचं असेल तर बॉइंक आधी बंद करायचं की नाही?

कळफलक · शनिवार, ८:१२
नाही हो, बंद केलंत तर हायबरनेटचा उपयोग काय! चालूच राहू द्या, उभं राहायचीही गरज नाही.